पट्टीवरची खारी माती

चाचा,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला उर्दू. म्हणजे तुम्ही आज असता तर हे पत्र मलाच तुमच्यापुढं बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी छाती माझ्यात नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली म्हणूनच लिहायचा धीर होतोय, हे आधीच सांगून टाकतो. अक्षरं मी उशिरा शिकलो, ते तुम्हाला ठाऊक आहे. मिलच्या वर्गात पोरासोरांच्या मागं बसून पाटी गिरवायचो आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तुम्ही विचारायचा, "क्या माळवदवाले, काल कुठल्या अक्षराचा पाय मोडलास?" अक्षर अजून वाकडंच येतं. पण येतं.

मैदानावर मी आलो तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याआधी पंचवीस वर्षं बापाबरोबर लोकांच्या घरांवर मातीचं छत, म्हणजे माळवद, घालत हिंडलो. खाली लाकडं, त्यावर निंबाचा पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर जुन्या पांढरीतनं, म्हणजे उजाड गावठाणातनं, आणलेली खारी माती. ती वीतभर पसरून लाकडी चोपण्यानं चोपून काढली की पावसाचा थेंब आत जात नाही, आणि खारी असल्यामुळं तिच्यावर गवताचं पातं धरत नाही. गवताचं मूळ छतात शिरलं की ते घर गळलंच म्हणून समजायचं. आमच्या घराण्याची सगळी विद्या एवढीच की भोक दिसलं, बुजव. मग गावात पत्रे आले. एका उन्हाळ्यात बारा घरांची कामं असायची, ती दोनावर आली, आणि पाच लेकरं नि म्हातारा बाप घेऊन मी मिलमध्ये माणसं लावणाऱ्या ओळखीच्या जॉबरच्या हातापाया पडलो. त्यानं मिलच्या क्रिकेटच्या मैदानावर लावून दिलं. तिथं मुकादम तुम्ही.

तुम्ही तरी कुठले क्रिकेटवाले! तुम्ही मूळचे भिस्ती, कातड्याच्या पखालीनं मैदानाला पाणी घालणारे. मिलच्या गोऱ्या साहेबाला त्याच्या देशासारखी गवताची खेळपट्टी पाहिजे होती. इतर ठिकाणी जमिनीवर काथ्याची चटई अंथरून खेळायचे, पण आमच्या साहेबाला चटई बघितली की पोटात दुखायचं. आता सोलापूरची काळी माती. उन्हाळ्यात तिच्या भेगेत शेळीचा पाय अडकावा, पावसाळ्यात तिनं पायातली चप्पल ओढून घ्यावी. त्यात वर्षानुवर्षं दगडी रूळ फिरवून तिला दाबलेलं. गवत मरायचं, पाणी तुंबायचं, चेंडू एकदा घोट्याला लागायचा तर एकदा हनुवटीला. साहेबानं गवत बदलून बघितलं, माळी बदलून बघितले, फक्त सोलापूर बदलायचं राहिलं होतं. शेवटी पट्टी तुमच्या हातात आली ती तुम्ही सांगितलेल्या एका वाक्यामुळं, की साहेब, ही जमीन पाणी पीतच नाही.

तुम्ही मला ते दाखवलंत तो दिवस मला आत्ता इथं दिसतोय. सकाळची वेळ आहे, मिलचा भोंगा नुकताच झालाय. तुम्ही पट्टीच्या टोकाला उकिडवे बसलाय. तांब्याभर पाणी तुम्ही हळूच ओतता आणि आपण दोघं बघत बसतो. पाणी तिथंच थरथरत उभं. बऱ्याच वेळानं ते उन्हानं आटल्यावर तुम्ही म्हणता, "बोट घाल. पिली काय?"

"पिली की, चाचा. ओली दिसतीय."

"ओली दिसतीय म्हणे! नुसते ओठ ओले केले तिनं." तुम्ही खुरप्यानं चार बोटं माती काढून दाखवता, तर खाली कोरडी ठणठणीत, पाटीच्या दगडासारखी. "छातीवर रूळ ठेवलाय तिच्या. माणसाच्या छातीवर बसायचं आणि म्हणायचं, पी बाबा पानी, खा बाबा हवा. कसा पिणार?"

मग तुम्ही पहार उचलता. कोपरभर खोल ती मातीत घालता आणि नुसती ओढून काढत नाही, मुळाशी धरून चारी अंगांनी डोलवता, दाढ हलवावी तशी. आत कुठंतरी माती करकरते. मग त्या भोकात तांब्या उपडा करता, आणि पाणी घटाघटा खाली जातं. "ऐक, ऐक," म्हणून तुम्ही कान जमिनीला लावता, मला लावायला लावता. आपण दोघं तसे आडवे, आणि पलीकडनं मिलचा एक बॅट्समन ओरडतो, "काय चाचा, विलायतेची तार आली काय खालनं?" तुम्ही कान न उचलता म्हणता, "हौ. तुझी विकेट गेली म्हणतेत."

सगळी रीत तुम्ही अशी पाण्याच्या मागं मागं जाऊन शोधली होती. पावसानं उघडीप दिल्यावर चारपाच दिवसांनी, माती हाताला लागते पण चिकटत नाही अशा वाफशावरच पहार घालायची. वीतवीत अंतरावर, सबंध पट्टीभर. मग आठ दिवस भोकं तशीच उघडी. वारा आत जाऊ द्यायचा, ऊन जाऊ द्यायचं. नंतर सीना नदीची वाळू आणि चाळलेली काळी माती सैल हातानं भरायची आणि वर हरळी लावायची. चोपायचं नाही. हे शेवटचं मला तुम्ही रोज सांगायचा, कारण माझा हात तुम्हाला माहीत होता. नुसती माती पुढं आली तरी तो चोपायला उठायचा.

पहिल्या वर्षी सरावाच्या पट्टीवर करून बघितलं. माझा बाप एकदा भाकरी द्यायला म्हणून आला नि बघतच राहिला. "भोकं पाडायची मजुरी मिळती व्हय रं? जल्मभर आपण बुजवली, आन तू हितं पाडायलास?" मग हरळी दिसली तसं त्यानं कपाळाला हातच लावला. "आरं, ही काढता काढता कुणब्यांच्या कमरा मोडल्या. तू आणून लावायलास?" तुम्ही हसून म्हणालात, "बाबा, हे साहेबाचं शेत हाय. हितं सगळं उलटं पिकतं." त्या हिवाळ्यात सरावाची पट्टी अशी झाली की चेंडू सांगून यावा. तुम्ही एक ढेकूळ कापून साहेबापुढं धरलं. हरळीचं मूळ त्यातनं हातभर लोंबत होतं. साहेबानं ते दोन्ही हातांनी घेतलं, उजेडात धरलं, आणि पुढच्या वर्षी मोठी पट्टी तुमच्या रीतीनं करायचा हुकूम दिला. दिवाळीनंतरचा मोठा सामना त्याच पट्टीवर व्हायचा होता. मिलचा हेडक्लार्क तेव्हाच बोलला होता, भिस्त्याच्या नादानं साहेब तोंडावर पडणार. तुम्ही ते ऐकलं होतं. त्या वर्षभर तुम्ही पट्टीकडं नवी सून बघावी तसं बघत होता.

भाद्रपदात वाफसा आला. हजारावर भोकं आपण दोघांनी पाडली. तळहात सोलून निघाले. काम संपलं त्याच दिवशी दुधनीहून निरोप आला की तुमची लेक बाळंतपणात अडली आहे. तुम्ही निघताना अंगरखा घालत घालत मला सांगितलं त्यातला शब्द न् शब्द आठवतो. "आठ दिवस उघडी ठेव. वाळू मी आल्यावर भरू. पाऊस आला तर येऊ दे, भ्यायचं नाही, पाणी खाली जाईल. आणि चोपणं घरात ठेवायचं, क्या?"

"व्हय चाचा."

"कसम खा."

मी हसलो आणि गळ्याला हात लावला.

चौथ्या दिवशी तुळजापूरच्या अंगानं आभाळ काळं झालं. चाचा, आता मी जे लिहितोय ते सोळा वर्षांत कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ती हजार भोकं माझ्यापुढं उघडी होती. उभ्या आयुष्यात मी पावसाच्या तोंडावर एवढी भोकं कधी उघडी ठेवली नव्हती. डोळ्यांपुढं लोकांची गळणारी घरं आली, बाया भांडी मांडतायत, म्हातारी खाटलं सरकवतीय. मी तडक घरी गेलो. बाप म्हणाला, "तुमचा चाचा भिस्ती. त्याला पानी आत घालायचं ठावं. भाइर ठेवायचं आपल्याला ठावं हाय की नाय?" आणि मला ते पटलं. एवढंच असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण आत आणखी एक होतं. त्या मैदानावर सगळे तुमच्या हाताचं कौतुक करायचे. माझ्या हातालाही काही येतं, हे एकदा कुणीतरी बघावं असं मला लई वाटत होतं. आम्ही पांढरीतनं दोन गाड्या खारी माती आणली. बापानं आणि मी मिळून सगळी भोकं भरली, प्रत्येक भोकाच्या तोंडावर बोटभर थर दिला आणि चोपून चोपून पट्टी अशी केली की तिच्यात तोंड दिसावं. संध्याकाळी पाऊस आला आणि पट्टीवरनं सरसर वाहून गेला. बाप छत्री धरून उभा राहून बघत होता. इतकं खूश मी त्याला पत्रे आल्यापासून बघितलं नव्हतं. मीही खूश होतो. तुम्ही आल्यावर काय म्हणाल याचीच वाट बघत होतो.

दहा दिवसांत खार उतरला. भोकाभोकाभोवती जुनं गवत पिवळं पडत गेलं, आधी चवलीच्या नाण्याएवढं, मग तळहाताएवढं. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडासारखी पट्टी दिसायला लागली. आणि चाचा, डाग कुठं होते? बरोबर तुमच्या पहारीच्या जागी. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. छतावर गवत येऊ नये म्हणून जी माती आपण टाकतो, ती मी गवताच्या मुळाशी घातली होती. कळलं, आणि मी वर शेणकाला शिंपडत बसलो.

साहेब आला त्या दिवशी हेडक्लार्क संगं होता. साहेबानं मला सरळ विचारलं, "तुमने इसमें कुछ डाला?" त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हात जोडून म्हणालो, "नाही साहेब. चाचांनी सांगितलं तेवढंच केलं." माझ्या तोंडातनं हे वाक्य निघत होतं तेव्हा तुम्ही मैदानाच्या फाटकातनं आत येत होता, काखेत गठुडं, हातात पेढ्यांचा पुडा, तसेच स्टेशनवरनं. ऐकलंत की नाही हे मी कितीदा स्वतःला विचारलं. ऐकलंत. तुमची पावलं थांबली होती.

तुम्ही पट्टीवर बसलात. पिवळ्या डागाच्या मध्ये बोट घालून चिमूटभर माती काढलीत आणि जिभेवर ठेवलीत. मी तिथं उभा होतो आणि माझं तोंड खारट झालं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग उठून, गुडघ्यावरची माती झटकून तुम्ही म्हणालात, "साहेब, भोकं माझी. भोकात जे गेलं, ते बी माझंच."

हेडक्लार्क साहेबाला म्हणाला, मी सांगितलं नव्हतं? आणि तासाभरात तुमचा हिशेब करून तुम्हाला काढलं.

फाटकापाशी मी तुमच्या मागं आलो. काय बोलायचं होतं कुणास ठाऊक. तुम्हीच वळलात. "विचारायचं होतंस."

"चाचा, तुम्ही दुधनीला..."

"दुधनी काय मक्केच्या पलीकडं हाय? गाडी जाती, माणूस जातो. बापाला विचारलास. मला विचारायला जीभ झडली?" तुम्ही मोठे साधू होऊन मला माफ केलंत, असं काही झालं नाही आणि तसं मी कधी सांगणारही नाही. तुम्ही रागावला होता, आणि त्या रागातच मला पुढचं शिकवत होता. "आता ऐक. वरची माती खरवडून काढ. तीच भोकं पुन्हा पाड, आणखी खोल. आतली माती उपस. मग पाणी पाज, इतकं पाज की खार खाली गेला पाहिजे. वर येऊ द्यायचा नाही. साल लागंल." मग पहार माझ्या हातात दिलीत. "ही मिलची नव्हे. माझी हाय. ठेव." आणि दोन पावलं जाऊन परत आलात, पुडा सोडून एक पेढा माझ्या तळहातावर आपटल्यासारखा ठेवलात. "नातू झाला." तो पेढा मी तिथंच उभा राहून खाल्ला.

तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण लपून. भल्या सकाळी, मैदानावर कुणी यायच्या आत, दहा-दहा भोकं पाडायची आणि वर गवताचा चोथा टाकून ठेवायचा. वर्षभरानं पट्टी सावरली, त्याच्या पुढच्या वर्षी हिरवीगार झाली. साहेबानं माझी पाठ थोपटली आणि मुकादम केलं. तो गेल्यावर नवीन साहेबापुढं मी उघड पहार घालायला लागलो. तेव्हापासून ती माझी भोकं झाली. खेळणारी पोरं अजून म्हणतात, मुकादमानं भोकं पाडली, आता पट्टी बघा. माझा बाप मरेपर्यंत गल्लीत सांगत होता की मिलची पट्टी आपल्या खाऱ्या मातीनं पावसातनं वाचवली. त्याला मी खरं सांगितलं नाही. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला समजावतो.

तुम्ही लेकीकडं दुधनीला गेलात आणि दोन वर्षांत तिकडंच वारलात. तिकडचा एक माणूस मिलमध्ये लागला, त्यानं सांगितलं, म्हातारा चावडीजवळ बसायचा आणि कुणी सोलापूरचं नाव काढलं की म्हणायचा, माझ्या हातानं तिथं एक जमीन मेली. चाचा, जमीन मेली नव्हती. तुम्ही हे म्हणत होता त्या हिवाळ्यात तिच्यावर हिरवं पातं लवलवत होतं, मुळं हातभर खाली गेली होती. एक कार्ड टाकलं असतं तर झालं असतं. पट्टी जगली, तुमचीच रीत खरी, एवढ्या दोन ओळी. वर मी लिहिलं की तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, पण ते खोटं कारण आहे. दुधनीत कुणीही वाचून दाखवलं असतं, आणि तोवर मला जोडाक्षरंसुद्धा येत होती. कार्ड मी दोनदा आणलंही. पण पट्टी जगली असं लिहिलं की ती मारली कुणी हे लिहावं लागतं, म्हणून दोन्ही वेळा ते कार्ड नात्यातल्या कुणाच्या तरी लग्नाला पाठवून दिलं.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या जिमखान्याचे सेक्रेटरी आले होते. चांगला, सालस माणूस. त्यांच्याकडंही काळीच माती आहे. वही काढून त्यांनी सगळं उतरून घेतलं, पहार किती खोल, वाफसा कसा ओळखायचा, वाळू कुठली. मग विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कुणी?" आणि मी तुमचं नाव सांगितलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी दोनदा विचारून नीट लिहून घेतलं. मला वाटलं, आता निघालंय तर पुढचंही निघेल, आज सगळं बोलून टाकू. तेवढ्यात त्यांनीच वाट करून दिली. म्हणाले, "एवढा गुणी माणूस, मग मिलनं सोडला कसा?"

मी म्हणालो, "वय झालं होतं त्यांचं."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

हे पत्र दुधनीला तुमच्या लेकीच्या दारात नेऊन वाचून दाखवता येईल. ती आहे अजून, तो नातू आता सोळा वर्षांचा असेल. मी नेणार नाही, मला मी ओळखतो. तुम्हाला काढलं त्या दिवशी हेडक्लार्कनं रजिस्टरात भरायला वय विचारलं होतं आणि तुम्ही छप्पन्न सांगितलं होतं. मी शेजारीच उभा होतो. मला येत्या चैत्रात एकसष्टावं लागेल, आणि उद्या सकाळी मी कामावर जाणार आहे.